जेरार्ड विन्स्टन्लीचे अखेरचे पुस्तक

सतराव्या शतकातील इंग्लंडच्या बंडखोर पंथांविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांत जेरार्ड विन्स्टन्ली याच्याबद्दल एक ठरावीक तक्रार आढळते. १६४९ साली ज्याने सरे परगण्यातील एका पडीक टेकडीवर कुदळ मारली आणि पृथ्वी ही सर्वांची सामाईक ठेव आहे असे सांगितले, त्याच माणसाने अवघ्या तीन वर्षांनी, १६५२ साली, 'द लॉ ऑफ फ्रीडम' म्हणजे 'स्वातंत्र्याचा कायदा' हे पुस्तक लिहिले. त्यात अधिकाऱ्यांची उतरंड आहे, पर्यवेक्षक आहेत, सक्तमजुरी आहे, चाबूक आहे आणि देहदंडही आहे. तेव्हा पहिला विन्स्टन्ली द्रष्टा होता आणि दुसरा निव्वळ शिरस्तेदार झाला, असा या तक्रारीचा मथितार्थ. जे. सी. डेव्हिस यांनी १९७६ च्या निबंधात आणि १९८१ च्या आदर्श समाजांवरील ग्रंथात या पुस्तकातील दंडव्यवस्थेवर नेमके बोट ठेवले. क्रिस्टोफर हिल यांच्या १९७२ च्या 'द वर्ल्ड टर्न्ड अपसाइड डाउन' या गाजलेल्या ग्रंथात विन्स्टन्लीला मानाचे पान आहे. परंतु तो ग्रंथ मिटताना मनात रेंगाळतो तो टेकडीवरचा विन्स्टन्ली. कायदा लिहिणारा नव्हे.

आमचे मत थोडे वेगळे आहे. हे अखेरचे पुस्तक सदोष आहे हे आम्हांस मान्य आहे, आणि त्या दोषांविषयी पुढे लिहिणारच आहोत. परंतु त्या काळच्या सर्व पंथीय वाङ्मयात एका प्रश्नाला अंगावर घेणारे हे जवळजवळ एकमेव पुस्तक आहे, आणि म्हणून ते द्रष्टेपणाच्या ओहोटीचे पुस्तक म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. प्रश्न असा: कुंपण पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जमिनीची राखण कोणी करावयाची?

प्रथम काळाचे थोडे भान. १६४१ साली राजाचे 'स्टार चेंबर' हे न्यायासन पार्लमेंटने मोडीत काढले आणि त्याबरोबर छापखान्यांवरील जुना वचकही संपला. १६४२ पासून राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. ज्यांना कधी कोणी बोलू दिले नव्हते असे शिंपी, चांभार, शिपाई, सुटे धर्मोपदेशक आता छापून बोलू लागले. जॉर्ज थॉमसन नावाचा लंडनचा एक पुस्तकविक्रेता ही पत्रके व चोपडी १६४० पासून वीस वर्षे जमवीत राहिला; पुष्कळांवर ती हाती आल्याची तारीखही तो टाकी. आज ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या या संग्रहात बावीस हजारांहून अधिक नग आहेत. त्या एका माणसाच्या चिकाटीमुळे आपण या गलबल्यातील एकेक आवाज वेगळा ओळखू शकतो.

या आवाजांत प्रत्येकाचे मागणे निराळे होते. जॉन लिल्बर्न, रिचर्ड ओव्हर्टन, विल्यम वॉल्विन आदी 'लेव्हलर' मंडळींना मताधिकार आणि कायद्यापुढे समता हवी होती. त्यांनी 'जनतेचा करारनामा' अनेकदा लिहून काढला. सैन्याच्या प्रतिनिधींनी १६४७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पटनी येथील चर्चमध्ये त्यावर खल केला. विल्यम क्लार्क या चिटणिसाने लघुलिपीत टिपलेला तो वाद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात कैक वर्षे पडून राहिला आणि फर्थ यांनी १८९१ पासून छापला, तेव्हा जगाला ठाऊक झाला. मात्र मालमत्तेला हात लावावयाचा नाही, हे लेव्हलरांनी मे १६४९ च्या करारनाम्यात स्पष्ट घातले आहे. अबाएझर कॉप आदी 'रॅन्टर' म्हणविल्या गेलेल्यांना पाप ही कल्पनाच नको होती. कॉपचे चोपडे जाळण्याचा हुकूम पार्लमेंटने १६५० साली दिला. 'फिफ्थ मोनार्की' पंथाचे लोक ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष राज्याची वाट पाहत होते. १६६१ च्या जानेवारीत थॉमस व्हेनर याने लंडनमध्ये काढलेल्या उठावात तो ध्यास रक्तात बुडाला. जॉर्ज फॉक्सच्या क्वेकरांनी अंतरीचा प्रकाश प्रमाण मानला आणि पुढे आपली सभापद्धती बांधून टिकून राहिले.

या यादीकडे जमिनीच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी राज्यव्यवस्थेचा आराखडा लिहिला त्यांनी जमीन सोडून दिली. आणि ज्यांनी सर्वच उलथून टाकण्याची भाषा केली त्यांनी व्यवस्थेची चिंता ईश्वरावर सोपविली. या दोहोंना एकत्र आणण्याचा यत्न विन्स्टन्लीने केला, आणि तोही स्वतः हात पोळून घेतल्यावर.

विन्स्टन्लीचा जन्म १६०९ चा, विगन गावचा. लंडनमध्ये कापडाच्या धंद्यात उमेदवारी करून तो मर्चंट टेलर्स या संघाचा सभासद झाला. परंतु यादवीच्या मंदीत १६४३ साली धंदा बुडाला आणि तो सरेमधील कॉबम येथे गुरे राखून राहू लागला. जानेवारी १६४९ मध्ये राजा चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या सुमारास त्याने 'द न्यू लॉ ऑफ राइटिअसनेस' लिहिले. आपणास समाधीत ऐकू आले ते सर्वांनी एकत्र राबावे आणि एकत्र भाकरी खावी असे, हे त्यात त्याने सांगितले. ईश्वर या शब्दाऐवजी विवेक हा शब्द आपण वापरू इच्छितो, हे तो त्याआधीच लिहून चुकला होता. १ एप्रिल १६४९ रोजी वॉल्टनजवळील सेंट जॉर्ज टेकडीवर तो, विल्यम एव्हरार्ड आणि काही गरीब माणसे कुदळी घेऊन गेली आणि त्यांनी गाजरे, पार्स्निपची कंदमुळे व घेवडा लावला. यांनाच लोक 'डिगर' म्हणजे खोदणारे म्हणू लागले.

सरकारी यंत्रणेने प्रथम यांना हसून सोडले. सेनापती फेअरफॅक्स याने पाठविलेल्या कप्तानाने हे प्रकरण दखल घेण्याजोगे नाही असा अभिप्राय कळविला. विन्स्टन्ली व एव्हरार्ड सेनापतीस भेटले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली नाही, कारण तोही आपल्यासारखाच एक जीव. खरा विरोध आला तो भोवतालच्या जमीनदारांकडून. पिके तुडविली गेली, माणसांना मारहाण झाली, आणि जूनमध्ये बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांच्या टोळीने चौघांना झोडपून काढले. किंग्स्टनच्या न्यायालयात अतिक्रमणाचा दावा दाखल झाला. डिगरांनी वकील देण्यास नकार दिला आणि आपले म्हणणे स्वतः मांडू मागितले. ते ऐकूनच घेतले गेले नाही. प्रत्येकी दहा पौंडांची भरपाई ठोठावली गेली आणि वसुलीसाठी विन्स्टन्लीच्या राखणीतील गायी हाकून नेल्या. मंडळी कॉबमच्या लिटल हीथ या माळावर गेली. तेथे वेस्ट हॉर्स्लीचा धर्मोपदेशक जॉन प्लॅट, जो स्वतःच मॅनरचा धनी होता, त्याने एप्रिल १६५० मध्ये झोपड्या जाळविल्या आणि प्रयोग संपला. वेलिंगबरो, आयव्हर आदी ठिकाणच्या तशाच वसाहतीही टिकल्या नाहीत.

या वर्षभरात विन्स्टन्लीने जे लिहिले ते इंग्रजी गद्याचा एक फार मोकळा नमुना आहे. त्याला विद्यापीठाचे वळण नव्हते. बायबल त्याच्या जिभेवर होते; परंतु त्याच्या हाती केन आणि एबल ही शेजारची माणसे होतात, थोरला भाऊ म्हणजे जमीनदार आणि धाकटा म्हणजे भूमिहीन. सृष्टीच्या आरंभीची बाग प्रत्येकाच्या काळजात आहे आणि सर्पही तेथेच आहे, असे तो सांगतो. त्याचे वाक्य उपदेशाच्या ओघात सुरू होते आणि एकदम एखाद्या गायीच्या, कुऱ्हाडीच्या, खटल्याच्या तपशिलावर येऊन थांबते. या थांबण्यात त्याची ताकद आहे. त्याच्या पिढीतले पुष्कळ लेखक आकाशात उडाले. हा दर दोन पानांनी जमिनीवर उतरतो.

आता अखेरच्या पुस्तकाकडे येऊ. ते क्रॉमवेलला अर्पण केलेले आहे आणि अर्पणपत्रिकेवरील तारीख ५ नोव्हेंबर १६५१ आहे. त्याची मांडणी अशी: जमीन सर्वांची, उत्पन्न सार्वजनिक कोठारांत जमा व्हावे व ज्याला जे लागेल ते त्याने न्यावे, खरेदी-विक्री बंद, घर व कुटुंब मात्र ज्याचे त्याचे. सर्व अधिकारी दरवर्षी निवडले जावेत, कारण फार काळ साठलेले पाणी नासते तसा फार काळ एका जागी बसलेला अधिकारी नासतो. पॅरिशपॅरिशमध्ये शांततेचे, व्यवसायांचे, कोठारांचे पर्यवेक्षक असावेत. साठीच्या वरचा प्रत्येक पुरुष आपोआप सामान्य पर्यवेक्षक व्हावा. (ही तरतूद वाचून आम्हांस मौज वाटली, हे कबूल केले पाहिजे.) प्रत्येक पॅरिशमध्ये टपालनीस असावा, त्याने आपल्या भागातील बातमी दरमहा मुख्य नगराकडे पाठवावी आणि ती छापून सर्वत्र यावी. सुटीच्या दिवशी प्रवचनाऐवजी ही वार्ता, कायद्याचे वाचन आणि इतिहास व निसर्गविद्या यांवर भाषणे व्हावीत. कायदे थोडके, आखूड आणि वरचेवर वाचून दाखविलेले असावेत.

यानंतर दंड येतो. आळशी व उद्धट माणसाने स्वातंत्र्य गमवावे आणि मुकादमाच्या हाताखाली राबावे. तरीही न वठल्यास चाबूक. देहदंड खुनाला आणि बलात्काराला, तसाच जमीन विकणाऱ्याला व घेणाऱ्याला, पैसे घेऊन कायदा चालविणाऱ्याला आणि धर्मोपदेशाचा धंदा करणाऱ्यालाही. तीनच वर्षांपूर्वी याच लेखकाने खुन्यालाही ठार मारण्याचा हक्क माणसाला नाही, जीव ज्याने दिला त्यालाच तो आहे, असे लिहिले होते. हा बदल डोळ्यांआड करता येत नाही.

परंतु या कलमांकडे पुन्हा पाहावे. ती हवेतून आलेली नाहीत. प्रत्येक कलमाखाली सरेची माती आहे. पैसे घेऊन कायदा चालविणाऱ्याला जबर दंड, कारण किंग्स्टनला वकिलावाचून तोंड उघडू दिले गेले नव्हते. कायदे थोडके व सर्वांना समजणारे असावेत, कारण इंग्लंडच्या न्यायालयांचे कामकाज व दप्तर लॅटिन आणि जुन्या कायदेशीर फ्रेंचमध्ये चाले. ते इंग्रजीत आणण्याचा कायदा पार्लमेंटने केला तोच मुळी नोव्हेंबर १६५० मध्ये. धर्मोपदेशाचा धंदा करणाऱ्याला देहदंड, कारण झोपड्या जाळणारा धर्मोपदेशकच होता. जमीनविक्रीला देहदंड, कारण राजाच्या व चर्चच्या जप्त जमिनी जनतेच्या हाती येण्याऐवजी त्या काळी विकल्या जात होत्या. टपालनीस आणि छापील वार्ता, कारण डिगरांविषयी वाटेल त्या कंड्या पिकल्या आणि त्यांचे म्हणणे गावोगाव पोहोचविणारे कोणी नव्हते. असे वाचले म्हणजे हे पुस्तक कायद्याच्या भाषेत लिहिलेले एक गाऱ्हाणे ठरते. त्याचा क्रूरपणा हा बहुतांशी दुखावलेल्या माणसाचा क्रूरपणा आहे. तो समर्थनीय होत नाही. पण तो कोठून आला हे कळते.

आणि दुसरी गोष्ट. आमची हयात मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात गेली. १९५९ च्या भू-राजस्व संहितेनुसार आमच्याकडे गावाच्या सामाईक हक्कांचे निस्तार पत्रक ठेवावे लागते: गुरे कोठे चरतील, जळाऊ लाकूड, माती, मुरूम कोठून व कोणत्या अटींवर न्यावा याची ती नोंद. गावाची चरनोई कमी कमी होत गेल्याचे आम्ही पाहिले आहे. तिच्याविरुद्ध कोणी भाषण केले नव्हते. कोणी एक हात शेत पुढे सरकविले, कोणी गोठा बांधला, पटवाऱ्याने दोन पावसाळे तिकडे फेरी मारली नाही, आणि पुढे जे जमिनीवर होते ते कागदावर आले. सामाईक वस्तूला भाषणाचा उपयोग थोडा. तिला रोज फेरी मारणारा माणूस लागतो, आणि त्या माणसावर लक्ष ठेवणारा दुसरा. विन्स्टन्लीला हे १६५० च्या वसंतात जळक्या झोपड्यांपुढे उभे राहून कळले असावे. त्याच्या पुस्तकातील पर्यवेक्षकांची लांबलचक यादी कंटाळवाणी आहे असे समीक्षक म्हणतात. आम्हांस ती यादी पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक भाग वाटते.

तरीही दोष उरतात, आणि ते केवळ परिस्थितीवर ढकलता येणार नाहीत. मतदार वीस वर्षांवरील पुरुष. टेकडीवर बायकाही राबल्या असतील, त्यांना मत नाही. पर्यवेक्षकांवर पर्यवेक्षक नेमले, पण मुकादमाच्या चाबकावर देखरेख कोणाची, याचे समाधानकारक उत्तर नाही. दरवर्षी माणूस बदलला म्हणजे खुर्चीचा स्वभाव बदलतो असा त्याचा भाबडा विश्वास आहे. ज्यांनी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना ते पटणे कठीण. सर्वांत मोठी उणीव वाङ्मयीन आहे आणि म्हणूनच वैचारिकही. आधीच्या पुस्तकांत विवेक प्रत्येकाच्या अंतरात होता आणि लोभी थोरला भाऊही त्याला वंचित नव्हता. त्याच्याही उद्धाराची आशा लेखकाने सोडली नव्हती. येथे ती आशा कोमेजली आहे. वाक्ये कलमांसारखी आखूड झाली आहेत आणि त्यांतून गायी व कुऱ्हाडी नाहीशा झाल्या आहेत. ज्याची भाषा माणसे पाहत होती, त्याची भाषा आता पदे पाहते. डेव्हिस यांचा आक्षेप येथे खरा आहे. फक्त त्यांनी त्याला विचारपद्धतीचा परिणाम मानले, आम्ही त्याला पराभवाचा परिणाम मानतो.

पुस्तकाचा क्रॉमवेलवर परिणाम झाला नाही. त्यानंतर विन्स्टन्लीने काही छापले नाही, आणि त्याचे पुढचे आयुष्य अलीकडच्या संशोधनाने उजेडात आले तेव्हा अनेकांना धक्का बसला. १६५७ साली सासऱ्याकडून त्याला कॉबममध्ये मालमत्ता मिळाली. १६५९ साली तो पॅरिशच्या रस्त्यांचा व्यवस्थापक, १६६० साली गरिबांचा पर्यवेक्षक, आणि १६७१ साली एल्मब्रिज भागाच्या दोन मुख्य कॉन्स्टेबलांपैकी एक झाला. १६७६ मध्ये लंडनमध्ये धान्याचा व्यापारी म्हणून तो वारला आणि क्वेकरांनी त्याचे दफन केले.

याला शरणागती म्हणणारे आहेत. राजेशाही परत आली, चर्च परत आले, आणि ज्याने मालमत्तेला शाप दिला तो मालमत्तेसह सुखाने नांदला, असा त्यांचा अर्थ. आम्हांस या पदांच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. पर्यवेक्षक हा शब्द त्याने १६५२ च्या पुस्तकात पानोपानी लिहिला होता. आठ वर्षांनी त्याच कॉबममध्ये, जिथून त्याला हाकलले होते तिथेच, गरिबांचा पर्यवेक्षक म्हणून तो दारोदार फिरला. जमीन त्याला वाटता आली नाही. पॅरिशच्या कराचे पैसे त्याने वाटले असतील. ते थोडे होते, आणि त्याच्या स्वप्नाच्या मानाने केविलवाणेही. पण स्वप्न संपल्यावर माणसाने गावात राहून काय करावे याचे दुसरे उत्तर सोपे नाही.

सॅबाइन यांनी १९४१ साली विन्स्टन्लीचे लेखन एकत्र केले; २००९ साली कॉर्न्स, ह्यूज आणि लोएनस्टाइन यांनी ऑक्सफर्डतर्फे समग्र लेखनाचे दोन खंड सिद्ध केले. ज्यांना हे लेखन वाचावयाचे असेल त्यांनी टेकडीवरच्या पत्रकांपासून आरंभ करावा, कारण तेथे त्याचा आवाज सर्वांत स्वच्छ आहे. पण तेथेच थांबू नये. कुदळ मारणारा माणूस आपल्याला आवडतो. यादी करणारा आवडत नाही. आम्ही आयुष्यभर याद्या केल्या, म्हणून आमचा कल कोठे असेल हे वाचकांनी ओळखले असेलच. तो कल वजा करूनही हे पुस्तक टाकून देता येईल असे आम्हांस वाटत नाही.